हे घरी राहायला लागले

१२ जानेवारी
मीठ कुठे असतं, असं ह्यांनी आजही विचारलं! लग्नाला इतकी वर्षं झाली. पण थंडी सरली की हे मेंढरं घेऊन निघायचे, ते पाऊस पडल्यावरच परतायचे. घरी असले तरी पाहुण्यासारखेच. आता मेंढरं धाकट्या भाऊजींना दिली. आमच्या वाट्याच्या रेताड जमिनीत तीन वर्षांपूर्वी डाळिंब लावलं होतं, नळीतून थेंब थेंब पाणी; यंदा फळं धरली, तारांचं कुंपण घातलं – आणि नवरा बारा महिने घरी. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. काढलं खरं. पण दिवसभर पायात पायात येतात, त्याचं काय?

१९ जानेवारी
छपराखाली झोप लागत नाही म्हणून ह्यांची खाट अंगणात. काल मीही माझी शेजारी नेली. थंडी मरणाची. तरी आत जाऊ म्हणालं नाही कुणीच.

८ फेब्रुवारी
फळं उतरली. व्यापाऱ्याची गाडी थेट दारात. ह्यांनी एक डाळिंब फोडलं, दाणे माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "आधी तू." सगळ्यांदेखत! फळं निवडायला आलेल्या बायका तोंड फिरवून हसत होत्या. मी लाजले – या वयात.

२ मार्च
हे गप्प गप्प. थंडी सरली ना. लांबून कुणाच्या मेंढरांचा आवाज आला की हातातलं काम थांबतं. जेवताना मीच म्हटलं, "झाडांना आता विसावा आहे. बागेचं मी बघते. भाऊजींबरोबर जाऊन या."
"तुला करमेल?"
"इतकी वर्षं करमलंच की."
खोटं बोलले.

५ मार्च
गेले. सकाळी चहा दोघांचा टाकला. दोन्ही कप मीच प्याले.

१७ मार्च
परत आले! इतक्यात! भाऊजीही, मेंढरंही. पोटं खपाटीला गेलेली. सगळे आधी पाणी प्यायले. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, वाटच राहिली नाही. जिकडे तिकडे तारा. आत फळबागा. पाणवठ्यापर्यंत जायचं कुठून?"
ह्यांनी मान वर केली नाही. खाली बघतच म्हणाले, "जुनी वाट आपल्याच बागेतून जायची. कुंपण घालताना मला ते दिसलंच नाही."
मलाही नव्हतं दिसलं. ह्यांच्या पायांवर गरम पाणी ओतत राहिले.

१९ मार्च
टेकडीकडच्या तारा काढल्या. त्या कडेची झाडं उपटायची, तर ह्यांचा हात उठेना. पहिली कुदळ मी घातली. मग दोघांनी मिळून कळप जाईल एवढी वाट मोकळी केली.

२१ मार्च
आज एक अनोळखी कळप आमच्या बागेतून गेला. हे त्या मेंढपाळाशी बोलत बोलत टेकडीपर्यंत गेले. आणि आपणहून घरी आले.