लाल खडूतली पाठ

मी, डॉ. अनुराधा पद्माकर सबनीस, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार केंब्रिज, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवत आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि शिल्लक मुलगा गंधार व मुलगी कस्तुरी यांना समसमान. विकायचं की ठेवायचं हे दोघांनी फोनवर नव्हे, समोरासमोर बसून ठरवावं.

२. माझे पती कै. पद्माकर सर्जन होते. स्ट्रोकने त्यांचा उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. ते खिडकीशी नुसते बसून असत. शेवटी मी त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथल्या बाईंनी सतराव्या शतकातली, बरोक काळातली चित्रं कपाटातून काढून दाखवली. लाल खडूने काढलेली उघडी माणसं. बरगड्यांवर ताणलेली कातडी, खांद्यातला पीळ. पद्माकर वाकून बघत राहिले. म्हणाले, "रक्त... आहे." बाई दचकल्या. मला कळलं: त्या कातडीखाली त्यांना जिवंत शरीर दिसत होतं. त्या आठवड्यात त्यांनी डाव्या हातात लाल खडू धरला. तो पूर्ण खोडता येत नाही. चुकलेली रेघ राहते. सर्जनला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

३. मॉडेल मीच. माझ्या उघड्या पाठीचं चित्र हॉलमध्ये लावलं होतं. गणपतीत माझे दीर ज्ञानेश्वर यांनी ते भिंतीकडे फिरवलं. "वहिनी, घरात लोक येतात." पद्माकर काठी टेकत उठले, चित्र सरळ केलं आणि म्हणाले, "ही माझी बायको आहे." स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. भावोजींना माझी चांदीची समई द्यावी. राग उरलेला नाही, पण समई न्यायला त्यांनी गंधारच्या घरी जावं, कारण पाठीचं चित्र तिथेच असेल.

४. बाकी सगळी चित्रं कस्तुरीची. ती म्हणाली होती, "आई, ओला पेपर दाबून उलटा प्रिंट काढूया ना, दोघांना एकेक." जुने चित्रकार असं करत, पण त्याने मूळ चित्र फिकं पडतं. तसं करू नये.

५. पाठीचं चित्र गंधारला. पूर्वी तो म्हणायचा, "आई, माझे फ्रेंड्स येतात, ते आत ठेव ना." यंदा त्याने विचारलं, "काढताना बाबा कसे दिसायचे?" ते माझ्या मागे बसत. मला फक्त कागदावर खडू ऐकू यायचा.

आम्हा दोघा साक्षीदारांच्या समक्ष डॉ. सबनीस यांनी सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

सही: अनुराधा प. सबनीस
साक्षीदार: शिल्पा टिपणीस, शेजारीण
साक्षीदार: परीक्षित ओक, स्नेही

केंब्रिज, ९ ऑक्टोबर २००६