मशीन कोणतं घ्यावं

३ मार्च
निर्णय पक्का. घरी व्यायामाचं मशीन घ्यायचं. कोणतं, एवढंच ठरायचंय. आठवड्यात ठरेल.
कारण लिहून ठेवतो. गेल्या जूनमध्ये गुदेनो नदीवरच्या सहलीत मला होडीतून उठता येईना, तेव्हा टोर्बेनने अक्षरशः उपसून काढलं. बावीस वर्षं मी पुढे आणि टोर्बेन मागे अशी आमची होडी चालते. माझी बायको इंगेर आणि त्याची युट्टे सामान घेऊन गाडीने पुढच्या मुक्कामी येतात. यंदा १४ जूनला अठ्ठावन्न वर्षांचा हा प्रेबेन काय चीज आहे, ते सगळे बघतील.

५ मार्च
टोर्बेनला फोन केला. म्हणाला, मशीन कशाला, चालायला लाग. समजावलं, चालून पाठीला व्यायाम होत नाही, रोइंग मशीनच हवं. म्हणाला, मग घे. किती उथळ माणूस! वजन किती पेलतं, आवाज किती करतं, घडी होते का, ही चौकशी कोण करणार?
पोट त्याचंही सुटलंय. पण मी मशीन घेतलं की अर्धा वेळ त्याला वापरू देणार. मित्र आहे शेवटी.

१८ मार्च
तक्ता तयार. चौदा मशीनं, नऊ रकाने. इंगेरला दाखवला. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण म्हटलं, आधी हे बघ. चष्मा न लावताच 'छान' म्हणाली.
ती मंगळवारी आणि गुरुवारी समूहगायनाला जाऊ लागली आहे. तिला सूर नाही. मी बोललो नाही. घरच्यांना प्रोत्साहन द्यावं.
व्यायाम : शून्य. मशीन येण्याआधी शरीराला भलत्या सवयी नकोत.

२ एप्रिल, सायं. ५
दुकानात जाऊन एक मशीन ओढून पाहिलं. चार मिनिटं. विक्रेतीने विचारलं, पाणी आणू की कुणाला फोन करू? आगाऊ आहे. दोष बैठकीचा होता. तक्त्यात 'बैठक' हा दहावा रकाना वाढवला.
येताना दालचिनीचे रोल. दोन.

१७ एप्रिल
ईस्टरची सुट्टी, तरी इंगेरचं गायन चालूच. घरी आली तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली. म्हणाली, पाऊस. आमच्याकडे तर लख्ख ऊन होतं. आमच्या सिल्केबोर्ग गावची हवा, काय सांगावं!
टोर्बेन हल्ली शनिवारी कॉफीला येत नाही. कामात आहे म्हणे. निवृत्त माणसाला कसलं काम?

९ मे
जागा मोजली. मशीन झोपण्याच्या खोलीत बसेल, फक्त इंगेरचं शिवणाचं टेबल हलवावं लागेल. म्हणाली, आधी मशीन तर आण. बाहेरच्यांशी लढता येतं, पण घरातूनच विरोध झाला तर माणसाने काय करावं?

२२ मे
ऐतिहासिक दिवस! क्रमांक सहा ठरलं. ऑर्डर द्यायला बसलो तर ते बनवणंच बंद झालंय. नवीन सप्टेंबरात येणार. अकरा आठवडे अभ्यास करणाऱ्या माणसाशी असं वागतात?

३ जून
सगळं घडलं तसं लिहितो.
शांत विचार करावा म्हणून तळ्यावर गेलो. समोरून एक होडी आली. मागे टोर्बेन. पोट गायब. मध्ये युट्टे. आणि पुढे, माझ्या जागेवर, इंगेर. सपासप वल्हं मारतेय.
मी ओरडलो. तिघं किनाऱ्याला आले. मार्चपासून हेच चाललंय. समूहगायन वगैरे काही नाही.
मी टोर्बेनला म्हणालो, पाठीत सुरा खुपसलास. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर आधी चर्चा झाली असती. आणि चर्चेत जून उजाडला असता."
सहलीला यंदा तिघांची होडी घेतली आहे. मी विचारलं, मग गाडी कोण आणणार? तिघं माझ्याकडे बघत राहिले.

४ जून
अबोला. फक्त एकदा तोडला. म्हटलं, बावीस वर्षांची परंपरा मोडलीस. इंगेर म्हणाली, "बावीस वर्षं मी तंबू आणि भांडी वाहिली, प्रेबेन. ती नदी मी फक्त पुलावरून पाहिली आहे."
हा मुद्दा वेगळा आहे. 

१४ जून
गाडी मीच नेली. कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच.
दुपारी होडी आली. इंगेर हसत होती. तिचे दंड उन्हाने तांबूस झालेत, पिळदार झालेत. मला पत्ताच नव्हता. तिघं मदत नको म्हणत असताना मी होडी वर ओढायला गेलो. कमरेत कट्कन आवाज झाला.
गाडीत बसता येईना. वाकताच येत नव्हतं. डॉक्टर नदीकाठच्या पुढच्या गावात. शेवटी मला तंबूच्या गुंडाळीसारखं होडीत आडवं घातलं. गाडी युट्टेने घेतली.
तासभर मी आभाळ बघत होतो, आणि इंगेरची पाठ. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटी विचारलं, रागावली आहेस का?
म्हणाली, "हलू नकोस. होडी डोलते."
हललो नाही. तेवढं जमलं.