तिसरी खूण

बाबा, मागच्या रविवारी आपल्या बडोद्यातच, तरसालीच्या नव्या हॉलमध्ये मी दहा-बारा जणांना रेषेवर बसायचं काम शिकवायला गेले होते. आता मला सगळे तिथे मोठी जाणकार समजतात. बोलावतात, गुलाबाचं फूल देतात, खुर्ची पुसून देतात. बॅडमिंटनमध्ये रेषेवर बसणाऱ्याला करायचं ते काय, खुणा तर तीनच. शटल बाहेर पडलं की दोन्ही हात आडवे पसरून मोठ्यानं ‘आउट’ म्हणायचं. आत पडलं की तोंडातून अक्षर न काढता उजवा हात रेषेकडे करायचा. आणि आपल्याला दिसलंच नाही, तर दोन्ही तळव्यांनी आपले डोळे झाकायचे, म्हणजे उंच खुर्चीवरच्या पंचाला कळतं की हिला विचारण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन खुणा मी झोकात करून दाखवल्या. तिसरीला हात छातीपर्यंत वर गेले आणि तिथेच राहिले. समोर बसलेली एक बाई, बँकेत नोकरीला आहे म्हणे, वही उघडून वाट बघत होती. तिनं विचारलं, “बेन, त्रीजी?” मी म्हटलं, “तिसरी फारशी लागत नाही, पुस्तकात चित्र आहे, बघून घ्या.” आणि हात खाली घेतले. तिनं ते तसंच वहीत लिहूनही घेतलं हो! घरी आल्यापासून त्या वहीचा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून आज दुपारी जेवण आवरल्यावर हे लिहायला बसले.

तुम्ही ती खूण मला शिकवलीत ती कारेलीबागेतल्या आपल्या स्वयंपाकघरात. तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून सायकलीवर यायचात, पाय धुऊन, चहा पिऊन तडक खडू काढायचात. ओट्यापासून मोरीपर्यंत फरशीवर एक पांढरी रेष. तिच्या टोकाला पाटावर मी, आणि दाराशी तुम्ही, हातात पिसं गळालेलं जुनं शटल. आपण त्याला फूलच म्हणायचो. तुम्ही ते कसंही भिरकावायचात, आणि ते टेकायच्या आत आई ओरडायची, “अहो, कणकेत पिसं पडतायत! कोणाला पोळीत पीस आलं तर मला विचारू नका.” तुम्ही तिच्याकडे लक्ष न देता मला विचारायचात, “दिसलं का?” मी म्हणायची, “आत पडलं.” तुम्ही मान हलवायचात. “फूल कुठे पडलं ते मी विचारलंच नाही. तुला दिसलं का, एवढं सांग.” आठ-नऊ वर्षांच्या पोरीला हा काय फरक कळणार? मला वाटायचं, बाबा उगाच पाल्हाळ लावतात. पण आजही कोणी काही विचारलं की माझ्या कानात आधी तुमचा तो प्रश्न येतो, आणि मला तो नकोसा होतो.

तुमची स्वतःची गोष्ट मला आईकडून कळली, तुमच्याकडून नाही. अहमदाबादला राज्याच्या अंतिम सामन्यात तुम्ही रेषेवर होतात. अगदी शेवटच्या गुणाला खेळाडू तुमच्या आणि फुलाच्या मधे आला, आणि तुम्ही भरल्या हॉलमध्ये डोळे झाकून बसलात. पंचालाही दिसलं नव्हतं, तो गुण पुन्हा खेळावा लागला. बक्षीस द्यायला आलेले कोणी बडे साहेब चिडून म्हणाले, ऐन वेळेला डोळे झाकणारा माणूस काय कामाचा. बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धांच्या यादीत तुमचं नाव पुन्हा कधी आलं नाही. आई पोळ्या लाटता लाटता तुम्हाला सुनवायची, “हात पसरले असतेत तर झिजले असते का? कोण बघायला आलं होतं?” तुम्ही पानात मीठ वाढून घेत म्हणायचात, “अगं, पण मला दिसलं नव्हतं ना.” बस्स, एवढंच. तुमच्या आवाजात ना राग असायचा, ना हळहळ. मला मात्र फार राग यायचा, आणि खरं सांगू, तो साहेबांचा नाही, तुमचाच यायचा.

मी बारा वर्षांची होते तेव्हाचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. रेल्वेच्या हॉलमध्ये मुलींचा सामना चाललाय. तुम्ही पंचाच्या उंच खुर्चीवर, मी पहिल्यांदाच खऱ्या सामन्यात रेषेवर. समोरच्या मुलीच्या वेणीला लाल सॅटिनची रिबन आहे आणि माझं सगळं लक्ष त्या रिबनीत. फूल पडतं, सगळे माझ्याकडे बघतात, मी घाबरून हात पसरते, “आउट!” तुम्ही खेळ थांबवता. वरून विचारता, “दिसलं का?” मी म्हणते, “हो.” तुम्ही पुन्हा तेच, त्याच आवाजात, “दिसलं का?” माझी मान खाली. “मग झाक डोळे. नीट, दोन्ही हातांनी. सगळ्यांना दिसू दे.” मी डोळे झाकले आणि हॉलभर हशा पिकला. आपल्याच आळीतला कोणीतरी ओरडला, “ए, आंधळी कोशिंबीर!” तळव्यांच्या आत मी रडत होते. परत येताना तुम्ही सायकल थांबवून मला शेव-उसळ घेऊन दिलीत, माझी आवडती. मी एक घास खाल्ला नाही. तुम्ही म्हणालात, “अगं वेडे, न दिसणं काही चुकीचं नाही.” मी मनात ठरवून टाकलं होतं, की जीव गेला तरी हे हात पुन्हा डोळ्यांवर जाणार नाहीत. तेवढा एक शब्द मी पाळला.

मग दिल्लीत ते मोठे आंतरराष्ट्रीय खेळ झाले, आशियाभरातले खेळाडू आले, आणि बॅडमिंटनच्या रेषांवर बसायला बडोद्यातून माझं नाव गेलं. तेव्हा मी सयाजीगंजला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात लागले होते. पत्र आलं त्या दिवशी तुम्ही ते तीनदा वाचलंत आणि चौथ्यांदा आईला मोठ्यानं वाचून दाखवलंत. तुम्हाला जे मिळालं नाही ते मला मिळत होतं, पण तुम्ही तसं एका शब्दानं म्हणाला नाहीत. तुम्ही मला स्टेशनाजवळच्या चष्मेवाल्याकडे नेलंत, डोळे तपासून घेतलेत आणि चांगल्यातली काळी फ्रेम घेऊन दिलीत. तुमच्या स्वतःच्या चष्म्याची काडी तेव्हा दोऱ्यानं बांधलेली होती. फ्रेम थोडी सैल होती, नाकावरून घसरायची. जायच्या आधी तुम्ही दोनदा सांगितलंत, “स्क्रू घट्ट करून आण गं, पाच मिनिटांचं काम आहे.” मी म्हटलं, “हो हो, आणते.” मला ब्लाउज शिवून आणायचे होते, मैत्रिणींना भेटायचं होतं. पाच मिनिटं काही मला मिळाली नाहीत.

तो सामना मी इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलाय, की खरा कसा झाला ते सांगायला आता मला जड जातंय. आपल्या देशाची मुलगी आणि पूर्वेकडच्या एका देशाची बारीक, गोरटेली मुलगी. तिसरा गेम. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असायचा. आपली मुलगी दहा, ती नऊ, सर्व्हिस आपल्या मुलीकडे. मी मागच्या रेषेच्या टोकाला निळा कोट घालून बसलेली. समोर टीव्हीचा कॅमेरा. त्या दिवशी आपल्या सोसायटीत समोरच्या भाईंच्या घरी, त्यांच्या नव्या रंगीत टीव्हीपुढे सगळे जमणार हे मला ठाऊक होतं. कॅमेरा माझ्या बाजूला वळला आणि बाबा, मला वाटलं, आत्ता मी दिसत असेन. चष्मा घसरला होता. नीट दिसावं, म्हणजे त्या लोकांना मी नीट दिसावं, म्हणून मी बोटानं चष्मा वर सारला. तेवढ्यात फूल पडलं. मी बघितलं तेव्हा ते रेषेपाशी पडून गडगडत होतं. आत टेकलं की बाहेर, देवाशप्पथ मला माहीत नव्हतं.

डोळे झाकले असते तर काय झालं असतं? पंचाला दिसलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, नाहीतर तो एक गुण पुन्हा खेळले असते. एवढंच. कोणाचं घर बुडणार नव्हतं. पण मला तो हशा ऐकू आला, आंधळी कोशिंबीर, आणि भाईंच्या घरी टीव्हीपुढे बसलेले सगळे दिसले. माझे हात आपोआप पसरले. “आउट!” इतक्या ठणठणीत आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. हॉल उसळला. आपली मुलगी जिंकली होती. ती दुसरी मुलगी दोन पावलं माझ्याकडे आली, तिनं रेषेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली, ठीक आहे, तुम्हाला दिसलं ना, अशी, आणि घाम पुसत हात मिळवायला गेली. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला, बाबा. माझं तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं पुसत बसले.

घरी आले तर भाई दारातच पेढे घेऊन उभे. “अरे वाह! तमारी छोकरीए तो देशनी लाज राखी!” त्यांनी डोळा मारला, म्हणजे त्यांना म्हणायचं होतं, की आपल्या मुलीला जिंकवलं, बरं केलं. तुम्ही पेढा घेतला नाहीत. तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्याच भाषेत म्हणालात, “ना भाई. मारी छोकरी देश नथी जोती, लाइन जुए छे.” भाई ओशाळले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि विचारलंत, “चष्म्यानं त्रास नाही ना दिला?” मी म्हटलं, “नाही.” बस्स. जो प्रश्न तुम्ही स्वयंपाकघरात रोज विचारलात, तो त्या दिवशी विचारला नाहीत. विचारायची गरजच वाटली नाही तुम्हाला. कितीतरी वर्षं मी मनाची समजूत घातली, की बाबांनी एकदा ‘दिसलं का’ म्हणून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. थापा! विचारलं असतंत तरी मी ‘हो’ म्हणाले असते, आणि दुसऱ्यांदा विचारायला तुम्ही काही उंच खुर्चीवर बसलेले नव्हतात.

पुढे तुम्ही ते वाक्य सगळ्यांना सांगत सुटलात. पुण्याच्या आत्याला, माझ्या सासऱ्यांना, दूध घालायला येणाऱ्याला. मुलगी देश नाही बघत, रेष बघते. तुम्ही सांगायचात आणि मी चहाचे कप गोळा करून आत जायची. लोकांना वाटायचं, किती विनयशील मुलगी! तुम्ही गेल्यावर ते वाक्य मीच सांगायला लागले. भाषणात छान बसतं, टाळ्या पडतात. निर्लज्जपणाला काही मर्यादा? त्या मुलीचं तोंड मला आजही जसंच्या तसं आठवतं. तीही आता आजी झाली असेल. तिच्या घरी तो सामना कसा सांगतात, कोण जाणे.

शेवटच्या दोन वर्षांत तुमची नजर गेली. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही. तुम्ही स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेले असायचात आणि मी विचारायची, “बाबा, वाटी दिसतेय का?” तुम्ही एक अक्षर न बोलता दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवायचात, ताठ बसून, अगदी नियमाप्रमाणे, आणि मग हसायचात. वरण सांडायचं, सदरा भरायचा, पण तुम्हाला कधी ओशाळल्यासारखं झालं नाही. एकदा मी म्हटलं, “पुरे हो बाबा, पाहुणे येतील तेव्हा तरी नको.” तुम्ही म्हणालात, “का? दिसत नाही तर नाही. त्यात काय चोरी आहे?” घरात दुसरं कोणी नव्हतं. हातात पळी घेऊन मी तुमच्या समोर उभी होते आणि माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. तुम्ही वाट बघितल्यासारखे थांबलातही. मी म्हटलं, “बाबा, ताक घेता का थोडं?” तुम्ही म्हणालात, “दे.”

मला दिसलं नव्हतं, बाबा. दिल्लीला मला दिसलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? ती काळी फ्रेम अजून माझ्या कपाटात आहे, स्क्रू तसाच सैल. घडी करून तिच्या डबीखाली ठेवीन म्हणते. येत्या रविवारी पुन्हा वर्ग आहे, ती बँकेतली बाई वही घेऊन येईल, आणि मी तिला तिसरी खूण करून दाखवीन की नाही, हे मला आत्ता छातीठोकपणे सांगता येत नाही. आत्ता मात्र पेन खाली ठेवून मी पहिल्यांदाच स्वतःहून दोन्ही हात डोळ्यांवर नेले. बराच वेळ तशी बसले. पण त्याआधी उठून दार लावून घेतलं होतं, हेही सांगून टाकते.