ऑइलच्या टाकीचा नट

विश्राम,

क्रँकशाफ्ट घासून आणायला बोईसरला जातोय. ओसरीवर इंजिनचे भाग मांडलेत, त्यांना हात लावू नकोस.

घिवलीच्या रस्त्यात खालून दगड लागला, ऑइल गळलं आणि इंजिन जाम झालं, असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस. पण ऑइलच्या टाकीला साधा ओरखडा नाही. तिचा नट मात्र कुणीतरी पान्याने सैल केलाय, खुणा अजून ताज्या आहेत.

फियाटला दोन कार्ब्युरेटर बसवल्यापासून ती मी तुला चालवायला देत नाही, तो राग का? माईला अजून काही बोललेलो नाही. मी आलो की खरं काय ते तूच सांग.

त्या दिवशी गाडी खाजणाच्या चिखलात जाता जाता राहिली. मागच्या सीटवर तुझी वहिनी होती. तिला सातवा महिना आहे.

कृष्णकांत