कॅप्टननी फरशी पुसली

प्रिय आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे हँगरमध्ये झाडलोट, कपबश्या सगळं आम्हा इंजिनिअरांच्याच गळ्यात होतं. पायलट उतरले की थेट चहाला. गेल्या आठवड्यात मी साहेबांसमोर म्हणाले, "सगळ्यांनी वार लावून कामं वाटून घेऊ." पायलटांतले मोठे कॅप्टन भडकले, "मी काय फरशी पुसायला आलोय?" पण साहेबांनी मी केलेला वारांचा तक्ता भिंतीवर लावला. नोकरी जाते की काय, असं वाटलं होतं. आता नाही वाटत.

आज कॅप्टनचा वार होता. हेलिकॉप्टरच्या शेपटीखाली पुसताना त्यांनी हाक मारली, "बाई, इथे पुसलं तरी पुन्हा ओलं होतंय." मी वर पाहिलं, तर तेलाच्या नळीला चीर! तासाभरात ते त्यातूनच उडणार होते.

"काल मीच तपासलं होतं," मी सांगून टाकलं.

"काल चीर नसेलही. चला, बदलू," ते म्हणाले आणि काम होईपर्यंत टॉर्च धरून उभे राहिले. मग "माझा कोपरा राहिलाय" म्हणत पुन्हा फडकं उचललं.

बाबांना जप. दादाला सांग, मी आले की घरातही वार लागणार.

तुझी,
धाकटी