हलका आठवडा

१२ ऑक्टोबर

प्लेट्स आल्या एकदाच्या! गुलाबरावकाकांची गाडी सकाळीच दारात. बारवर चढवायच्या वीस-वीस किलोच्या आठ मोठ्या प्लेट्स, त्यांच्याच कारखान्यात ओतलेल्या. काळ्याकुट्ट, खडबडीत, पण झकास. काका बाबांचे दोस्त, मले अजून पोट्टीच समजतात — "बेटा, रायपूरात राहून लोहा बाहेरून काहून मागवतेस?" बरोबर आहे. जुन्या सगळ्या तडकल्या होत्या.

दुपारभर बसून प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं २० लिहिलं. नखात रंग बसला आहे. गॅरेजले आता जिम म्हणायले लाज नाही वाटत.

२९ ऑक्टोबर

माझ्या जिममधल्या अबोलीचा सरावाचा कागद तयार केला. एक फेब्रुवारीले राज्याची पॉवरलिफ्टिंगची निवड. पुढच्या वर्षी पोट्टीले तेवीस पूर्ण होतात, म्हणजे ज्युनिअर गटातली ही शेवटची संधी. इथून निवड, तिथून नॅशनल, मेडल आलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. बाप नाही. तिची आई, राधिकावहिनी, शिलाई मशीन चालवून घर ओढून राहिल्या.

तीन लिफ्टपैकी स्क्वाट, बेंच ठीक आहे. अडलं आहे ते डेडलिफ्टपाशी. जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहायचं, बस. सप्टेंबरात एकशे चाळीस केली. दीडशे पाहिजे. दहा किलो! तीन महिन्यांत दहा किलो म्हणजे काही डोंगर नाही.

तीन आठवडे वजन चढवायचं, चौथा हलका. नेहमीचंच. हलक्या आठवड्यातच ताकद अंगी लागते, हे मी दहा वर्षं सांगून राहिली आणि दहा वर्षं पोट्ट्या तोंड वाकडं करून राहिल्या.

१८ नोव्हेंबर

एकशे तीस तीनदा उचलायचं होतं. एकदाच उचललं. काहून? मी नेहमीचंच सांगितलं — इथं जड, तर तिथं स्पर्धेत हलकं.

२५ नोव्हेंबर

हलका आठवडा चालू आहे. शंभर किलो दिले फक्त. शंभर! त्यातही हाफून राहिली. स्क्वाटही जड जाऊन राहिलं.

झोपते काय, खाते काय, सगळं विचारलं. मोबाईल किती वेळ पाहतेस तेही विचारलं. "नहीं दीदी, सो तो रही हूँ।" घरी आई मराठीत ओरडते, ही हिंदीत उत्तर देते, माझ्याशीही तेच. सगळी ही पिढी अशीच. अंडी खाते म्हणाली, दूध पिते म्हणाली. मग ताकद जाते कुठं?

बाकीच्या पाचसहाजणी हौशी आहेत, त्यांना मोठ्या प्लेट्स लागतच नाहीत. त्यांचं बरं चाललं आहे. म्हणजे माझ्या कागदात खोट नाही. मनात आलं, पोट्टी नाटक तर नाही करत?

९ डिसेंबर

एकशे चाळीस उचललं. पण कसं! गुडघ्यावर बार थांबला, मांड्या थरथरल्या, मले वाटलं सोडते आता. नाही सोडलं. दात खाऊन उभी राहिली. बार ठेवला आणि माझ्याकडं पाहून हसली.

मी म्हटलं, "सप्टेंबरातलंच वजन आहे. पेढे वाटू काय?"

चेहरा पडला तिचा. पडू दे. तीन महिन्यांत एक किलो पुढं गेली नाही, आणि हसते.

१६ डिसेंबर

निर्णय घेतला. हा हलका आठवडा रद्द. नियम मीच केला, मीच मोडते. वेळ नाही. दीड महिना राहिला आणि दहाचे दहा किलो तसेच समोर बसले आहेत.

प्रत्येक सेटनंतर विचारते — दहापैकी किती जड? ती म्हणते, "आठ।" दरवेळी आठ. चेहरा दहा म्हणते, तोंड आठ म्हणते. मी कागदावर आठ लिहिते. कोणावर भरोसा ठेवावा माणसानं?

२७ डिसेंबर

थंडी कडक. अबोली सेटच्या मधात डाव्या कुल्ह्यावर मुठी मारून राहिली होती. विचारलं तर, "कुछ नहीं दीदी, नस खिंच गई।" मी एक सेट कमी केला. एकच. घरी गरम पाण्याची पिशवी घे म्हटलं.

 दुसऱ्या कोणत्या पोट्टीनं असं सांगितलं असतं तर मी आठवडाभर बारले हात लावू दिला नसता. मले हे समजते. समजते आणि तरी!

३ जानेवारी

चांगली झोपली म्हणते. गुरुवारी एकशे पंचेचाळीस.

८ जानेवारी

दवाखान्यातून आत्ताच आली. लिहिते तरी.

एकशे पंचेचाळीस. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला. पाठ वाकली. मी ओरडली — सोड! — पण मी उशिरा ओरडली. आधी तर मी "उठ, उठ, उठ" ओरडत होती. तिनं माझं पहिलं ऐकलं.

बार पडला. ती उभीच होती, वाकलेली, गुडघ्यांवर हात टेकून.  मग म्हणाली, "दीदी, पैर नहीं लग रहा है।" पाय जमिनीवरच होता. तिले तो जाणवत नव्हता.

फोन केला तशा राधिकावहिनी धावत आल्या. आम्ही दोघींनी तिले उचलून गाडीत टाकली. रस्ताभर तिनं माझा हात धरला होता. आईचा नाही, माझा. 

१० जानेवारी

कमरेची गादी सरकली, नस दाबली. डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाहू, नाही तर ऑपरेशन. वजन उचलायचं तर नावच नको. मी विचारलं, "पुढं कधी?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

राधिकावहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "अर्चनाताई, पोट्टी तुमच्या भरोशावर पाठवली होती मी."

१९ जानेवारी

जिम बंद.

१ फेब्रुवारी

निवड झाली आज. मी गेली नाही. फोनवर कळलं — तिच्या गटात जी निवडली गेली तिची डेडलिफ्ट एकशे पंचेचाळीस. तिन्ही लिफ्टची मिळून टोटलही काही फार नाही.

जेवली नाही. हलका आठवडा दिला असता तर? सत्तावीस डिसेंबरले थांबवलं असतं तर? आणि त्या पोट्टीचाही राग येते, देवा! आठ, आठ, आठ करत राहिली. खरं बोलली असती तर मी थांबवलं असतं. असतं की नाही कोणास ठाऊक.

८ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवते.

ठरवलं, हे लोखंड घरात नको. कबाडवाल्याले बोलावलं. त्यानं पहिल्या सहा प्लेट्स काट्यावर चढवल्या आणि म्हणाला, "एक सौ बत्तीस।" मी म्हटलं, "भैया, सहा विसाचे एकशे वीस होतात. काटा दुरुस्त कर." कबाडवाला आणि जास्त वजन सांगते! मले तर हसूच आलं. तो चिडला. "दीदी, मैं अपना नुकसान काहे करूँगा?" त्यानं आपलं दहा किलोचं माप काट्यावर ठेवलं. बरोबर दहा. मग एकच प्लेट ठेवली.

बावीस.

दुसरी. बावीस, वर थोडं. तिसरी. मी त्याले म्हटलं, उतरव, काही विकायचं नाही. तो बडबडत गेला. मी तिथंच जमिनीवर बसली. मीच लिहिलेले पांढरे वीस माझ्याकडं पाहून राहिले होते.

९ फेब्रुवारी

गुलाबरावकाकांना फोन केला. ते खुशीत — "हव बेटा, थोडं वरच ओतलं. तुले कमी काहून देऊ? पुरौनी समज!" पुरौनी. भाजीवाली जोखून झाल्यावर वर चार मिरच्या टाकते, ती. त्यांनी मायेनं टाकली.  बरं आहे काका म्हटलं आणि फोन ठेवला.

मग कागद घेऊन बसली. हलक्या आठवड्यातले शंभर, बार आणि चार प्लेट्स, म्हणजे एकशे आठ. म्हणजे हलका आठवडा तिले कधी मिळालाच नाही, मी रद्द करायच्या आधीही नाही.

आणि नऊ डिसेंबर. बार वीस, सहा प्लेट्स. एकशे बावन्न.

दीडशे पाहिजे होते. पोट्टीनं एकशे बावन्न उचलले, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या गॅरेजात. आणि मी पेढे वाटू काय विचारलं. खरं लिहायचं तर ओतणाऱ्याची काय चूक? वजन न करता २० लिहिणारी मी. नाटक करते म्हणणारी मी.

उद्या जाऊन सांगते. आज हिंमत नाही.

१० फेब्रुवारी

सदर बाजारापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. राधिकावहिनींना कोणत्या तोंडानं सांगू?

११ फेब्रुवारी

गेली. राधिकावहिनी घरी नव्हत्या. अबोली भिंतीले धरून चालून राहिली होती. सगळं सांगितलं — प्लेट्स, एकशे बावन्न, माझी चूक. पाय धरायचेच बाकी ठेवले.

ती माझ्याशी कधी नाही ते मराठीत बोलली. "दीदी, मले माहीत होतं." दहा डिसेंबरले माझ्याआधी येऊन, प्लेट छातीशी धरून, पोट्ट्यांचं वजन करायच्या काट्यावर उभी राहिली होती आणि आपलं वजन त्यातून वजा केलं होतं. "तुमाले सांगितलं असतं तर तुमी कमी केलं असतं. तुमीच तर म्हणता ना — इथं जड, तर तिथं हलकं."

हव. रोज म्हणते मी.