पाण्यातल्या बदकांना काय म्हणावं

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग. पालथं पडूनच लिहितोय, बसायची सोय सध्या उरलेली नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? आणि तुमची बदकं? त्या जातीबद्दल माझं मत हल्ली जरा बदललंय, पण तुमच्यापुढे बोलत नाही.

शब्दकोशाच्या कचेरीत मी सहा वर्षं हंगामी आहे, हे तुम्ही जाणताच. मला कायम करण्याचा विषय निघाला की अध्यक्षांना चहाची आठवण होते. यंदा कोश 'ब'वर आला आणि बदकांपाशी गाडी अडली. उडणाऱ्यांचा थवा, चरणाऱ्यांचा कळप, इथवर एकमत झालं. पण पाण्यात तरंगणाऱ्यांना काय म्हणायचं, यात दोन उपसमित्या, अकरा बैठका आणि एका टेबलाची काच खर्ची पडली. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. तळ्यावर जाऊन शब्द आणा, नाहीतर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल, म्हणाले.

गेलो. टाय लावून गेलो (कचेरीचं काम!). तळ्याच्या रखवालदाराला विचारलं, ही सगळी मिळून दिसली की तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, "आली म्हणतो. नाहीतर गेली." हे तीन प्रतींत उतरवायला मी काठावरच्या गवतात बसलो. ते गवत नव्हतं मामा, घरटं होतं. घरची मंडळी एकजुटीने धावून आली. त्या क्षणी त्यांच्यासाठी मला अचूक शब्द सुचला, पण तो छापण्याजोगा नाही.

हसू नका. मला खरंच भीती वाटतेय. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. या वयात नोकरी गेली तर मला दारात कोण उभं करणार? (बसवण्याचा प्रश्नच नाही.)

तुमचा,
पालथा भाचा

ता. क. : अहवालात मी 'तरंडा' असा शब्द दिलाय. काल उभ्या उभ्या आंघोळ करताना तो मीच रचला. आधार म्हणून 'चाळीस वर्षं बदकं पाळणारे जाणकार' असं लिहून तुमचं नाव घातलंय. गुरुवारी समिती तुमच्याकडे येईल. पाया पडतो, तेवढं 'हो' म्हणा.

आणखी ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तोवर बैठक झालीसुद्धा. 'तरंडा' ऐकताच अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांची आजी हाच शब्द रोज वापरायची म्हणे. शब्द मंजूर, मी कायम. फक्त तुमचं नाव खोडून आजीबाईंचं घातलंय. तेव्हा गुरुवारी कोणी आलंच, तर हा शब्द तुम्ही आजीबाईंच्याच तोंडून ऐकलात असं सांगा.